कैसाऊच्या नावावरचं घर

बाबा गेले त्या दिवशी मी हॅम्बुर्गमध्ये कामावर होते. मैत्रिणीचा फोन आला. "बाबा गेले गं," ती म्हणाली. मी तिकीट काढलं. माझ्यासाठी थांबू नका असं मीच सांगितलं होतं. मी मुलुंडला पोचले तेव्हा सोसायटीतली माणसं स्मशानातून परतली होती, अंघोळी झाल्या होत्या आणि चहाही झाला होता.

उरलेला चहा मला मिळाला. तो गोड होता. बाबांना मधुमेह होता, त्यामुळे आमच्या घरात इतका गोड चहा कित्येक वर्षांत झाला नव्हता. ते नाहीत हे मला पहिल्यांदा त्या चहामुळे कळलं.

फोन करणारी मैत्रीण आमच्या खालच्या मजल्यावरची. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. लग्न करून ती गोरेगावला गेली, म्हाताऱ्या आईचं करायला परत आली, आणि परत आल्याची शिक्षा म्हणून सोसायटीनं तिला सेक्रेटरी केलं. ती मोठ्यानं बोलते आणि मी हळू, त्यामुळे आमचं कायम जमलं आहे. सांत्वन मात्र तिला येत नाही. दिवसपाणी उरकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं वर येऊन बेल वाजवली आणि चपला न काढता दारातूनच विचारलं, "रडून झालं असेल तर घराचं बोलू या का?"

"झालं नसेल तर?"

"तर रडत रडत बोलू. पण बोलावं लागेल ना यार. घर कोणाच्या नावावर आहे, माहितेय ना?"

"आईच्या."

"शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर. टॅक्सचं बिल?"

उत्तर मला माहीत होतं.

"कैसाऊच्या," ती म्हणाली आणि चपला काढून आत आली. "ही बया आपली वाट लावणार आहे."

ही कैसाऊ कोण, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मुलुंड पूर्वेचं आमचं घर आईनं घेतलं. ती बँकेत होती आणि बँक आपल्या माणसांना घरासाठी कमी व्याजानं कर्ज द्यायची. बाबा एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. त्यांच्या पगारावर कर्ज काढलं असतं तर एक दार आलं असतं, फार तर एक खिडकी. त्यामुळे घर आईच्या एकटीच्या नावावर झालं, आणि त्यात बाबांना काहीच खटकलं नाही. पाहुणे आले की ते दारातच सांगत, "या, या. मीही इथे पाहुणाच आहे."

मुद्रितशोधक म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याबद्दल पगार घेणारा माणूस. पगार थांबल्यावरही बाबांनी काम थांबवलं नाही. घरात लग्नपत्रिका आली की आधी लाल पेन यायचं आणि मग वधूवरांची नावं वाचली जायची. कोपऱ्यावरच्या हॉटेलानं पाटीवर 'थालिपिठ' असं लिहिलं होतं, म्हणून बाबांनी तिथे ते कधी खाल्लं नाही. टिंबांच्या बाबतीत तर ते कर्मठ होते. कोणताही शब्द तोडून लिहिला की पुढे टिंब पाहिजे. 'डॉ.'पुढे टिंब, 'प्रा.'पुढे टिंब. "टिंब ही कबुली आहे," ते म्हणायचे. "पुढे अजून काहीतरी होतं, आम्ही ते खाल्लं, अशी." देवावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. टिंबावर होता.

आईचा विश्वास दुसऱ्या एका अक्षरावर होता. माझ्या नावाआधी 'सौ.' लागावं, एवढंच तिला जगाकडून हवं होतं. मला लग्नाची आमंत्रणं 'कु.' म्हणून यायची, अजून येतात. चाळिशी उलटलेल्या बाईला पाकिटावर कुमारी वाचताना टपालवाल्यालाही अवघडल्यासारखं होत असणार. आई ते पाकीट हातात घ्यायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "एकदाचं सौ. लागू दे नावाला. मग काय मरायचं ते मर."

"कै. सौ. चालेल का?" मी एकदा विचारलं होतं.

"चालेल," आई म्हणाली होती. "पण त्यासाठी आधी सौ. लागतं."

शेवटी 'कै. सौ.' तीच झाली. ती गेली तेव्हा घर स्वतःच्या नावावर करून घ्या, असं बाबांना सगळ्यांनी सांगितलं. मी फोनवर सांगितलं, मैत्रिणीनं जिन्यात गाठून सांगितलं, आईच्या बँकेतल्या जुन्या मंडळींनी घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "घर तिचं आहे." ती आता नाही, हा मुद्दा त्यांना गैरलागू वाटायचा. पण दरवर्षी मालमत्ता कराचं बिल यायचं आणि त्यावर आईचं नाव नुसतंच छापलेलं असायचं, ते मात्र त्यांना खटकलं. गेलेल्या माणसाला असं नुसत्या नावानं हाक मारायची नसते. तेव्हा त्यांनी एक अर्ज केला. असा अर्ज त्यांच्याआधी कोणी केला नसावा. नाव बदलू नये, फक्त नावाआधी 'कै. सौ.' लावावं. कैलासवासी, आणि सौभाग्यवती. नवऱ्याच्या आधी गेल्यामुळे 'सौ.' हे तिच्या हक्काचं होतं, आणि घराइतकंच तेही कागदावर यायला पाहिजे, असं बाबांचं म्हणणं.

अर्ज त्यांनी स्टेशनाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात इंग्रजीतून टाइप करून घेतला. दुकानदारानं स्पेलिंग विचारलं, बाबांनी अक्षर न् अक्षर सांगितलं. टिंबंही सांगितली. पण दुकानात मशीनचा आवाज होता आणि टिंब हे काही ऐकू येण्यासारखं नसतं. दुकानदारानं दोन्ही टिंबं गाळली, मधली जागाही गाळली, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसानं त्या कागदावर सही केली तेव्हा त्याचा चष्मा घरी फ्रीजवर होता.

पुढचं बिल आलं त्यावर रोमन लिपीत एक सलग नाव होतं. वाचायला गेलं की ते 'कैसाऊ' असं वाचलं जायचं. कैसाऊ, पुढे आईचं नाव, मग बाबांचं, मग आडनाव. अर्जात होतं तेच पालिकेनं उतरवलं होतं. तिला दोष देता येत नव्हता, आणि बाबांना तेच सगळ्यात जास्त लागलं.

"तुझ्या आईचं बारसं झालं," त्यांनी फोनवर सांगितलं.

"काय नाव ठेवलं?"

"कैसाऊ. मला विचारलं नाही. आत्यालाही विचारलं नाही."

मी हसले, मग तेही हसले. आई गेल्यापासून आम्ही एकत्र हसलो नव्हतो. मला आठवतंय, हसून झाल्यावर दोघंही जरा ओशाळलो, कोणाच्या तरी देखत हसल्यासारखे.

मी हॅम्बुर्गला एका ग्रंथालयात पुस्तकांच्या याद्या करते. कुठलं पुस्तक कोणाचं, आणि त्या माणसाचं नाव कसं लिहायचं, हे ठरवण्यात माझा दिवस जातो. नावाआधीच्या उपाध्या गाळायच्या, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. कै., सौ., प्रा., ह.भ.प., सगळं उडवायचं आणि मधला माणूस तेवढा ठेवायचा. बाबांना हा नियम रानटी वाटायचा. म्हणून त्या फोनवर मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी मला इतके दिवस सांगण्यासारखी वाटली नव्हती.

"बाबा, रोमनमधलं हे 'कै' आहे ना, ते जर्मनीत पुरुषाचं नाव असतं. उच्चार 'काय'. आमच्या साहेबांचं तेच आहे."

"काय नाव म्हणालीस साहेबाचं?"

"काय."

"अगं, नाव विचारतोय."

"तेच सांगतेय, बाबा."

"साहेबाचं नाव काय?"

"हो."

मग ते म्हणाले, "आणि 'सौ'चं काय करतात तिकडे?"

"ते 'साउ' वाचतात. साउ म्हणजे डुकरीण."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन परत फोनवर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तिला सांगू नकोस हं."

त्यानंतर कैसाऊ आमच्याकडे राहायलाच आली. आईबद्दल बोलणं आम्हा दोघांना जमत नव्हतं. 'आई' असं म्हटलं की कोणीतरी एक जण गॅस बघायला उठायचा, मग गॅसवर काही असो नसो. कैसाऊबद्दल मात्र वाटेल ते बोलता यायचं. "कैसाऊनं हा कुकर बघितला तर तुमची खैर नाही," मी म्हणायचे. "कैसाऊचा टॅक्स भरला," ते सांगायचे. "बाई खर्चिक आहे. स्वतः एक पैसा कमवत नाही आणि राहते मात्र माझ्या डोक्यावर." कैसाऊ आईपेक्षा थोडी उर्मट होती, थोडी चैनी होती. तिला दुपारी झोपायला आवडायचं, जे बँकेमुळे आईला कधी मिळालं नाही. आणि मुख्य म्हणजे ती गेलेली नव्हती. दरवर्षी तिच्या नावानं बिल येत होतं.

"चूक दुरुस्त करून घ्या," मी त्यांना अनेकदा म्हटलं. "तुम्हाला कशी चालते?"

"पहिली आवृत्ती आहे," बाबा म्हणायचे. "दुसऱ्या आवृत्तीत बघू."

आता बाबाही गेले होते, आणि मैत्रीण माझ्यासमोर बाबांच्या खुर्चीत बसून सांगत होती की दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली आहे. आमची इमारत पुनर्विकासाला निघाली होती. मुलुंडमध्ये जिला लिफ्ट नाही अशा प्रत्येक इमारतीला एक बिल्डर असतो, तसा आम्हालाही मिळाला होता. त्याच्या वकिलाला प्रत्येक फ्लॅटच्या कागदांवर एकच मालक आणि एकच नाव हवं होतं. शेअर सर्टिफिकेटवर जे नाव, तेच कराच्या बिलावर. ज्यांचं जुळेल त्यांची यादी होणार होती. ज्यांचं जुळणार नाही ते फ्लॅट 'वादग्रस्त' म्हणून बाजूला पडणार होते, आणि वादग्रस्तांना नव्या इमारतीत काय मिळेल ते वाद मिटल्यावर बघू, असं वकिलाचं म्हणणं.

"पण बिलावरच छापलेलं असतं ना, की हा मालकीचा पुरावा नाही म्हणून?" मी म्हटलं.

"असतं. म्हणून तर सगळे पुरावा म्हणून तेच मागतात." तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "एक विचारू? विकून का नाही टाकत? मोकळी होशील. तू काय परत येणारेस थोडीच."

"येईन कदाचित."

"कदाचित म्हणजे कधी?"

"म्हातारी झाल्यावर."

"झालीयेस," ती म्हणाली.

मला घर हवं होतं. हॅम्बुर्गचं माझं घर भाड्याचं आहे. भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकिणीला पत्र लिहावं लागतं. किल्ली माझ्याकडे आहे म्हणून नव्हे, तर माझंच आहे म्हणून जे माझ्यासाठी उघडेल, असं दार जगात आणखी कुठे नव्हतं. मुलुंडचा हा फ्लॅट यादीतून गेला असता तर मी इथे यायचं ते मैत्रिणीकडे पाहुणी म्हणून. बाबा आपल्याच घरात गमतीनं पाहुणे होते. मला खरोखरची पाहुणी व्हायचं नव्हतं.

तेव्हा आम्ही कामाला लागलो. सोसायटीकडचा भाग सोपा निघाला, कारण सोसायटी म्हणजे मैत्रीणच. मी एकटीच वारस. समितीची बैठक आमच्याच हॉलमध्ये झाली, बाबांच्या फोटोसमोर सगळ्यांनी सामोसे खाल्ले, आणि शेअर सर्टिफिकेटवर आईच्या नावाखाली माझं नाव चढलं. तिथे आई साधी आईच होती. खजिनदार जाताना म्हणाले, "तुझे बाबा असते तर ठरावात चार चुका काढल्या असत्या." मी ठराव वाचला होता. सहा होत्या.

कराच्या बिलाचं कठीण होतं. आईच्या मृत्यूचा दाखला होता, पण तो आईचा. बिलावरची बाई वेगळी. दोघी एकच आहेत, हे शपथेवर लिहून द्यावं लागणार होतं. त्यासाठी आम्ही दोघी स्टेशनाजवळच्या एका नोटरीकडे गेलो. म्हातारे वकील होते, खोलीपेक्षा टेबल मोठं होतं. त्यांनी बिल वाचलं, दाखला वाचला, पुन्हा बिल वाचलं.

"ही कैसाऊ कोण?"

"माझी आई," मी म्हटलं.

"आणि या दाखल्यावरच्या बाई?"

"त्याही माझी आई."

त्यांनी मैत्रिणीकडे पाहिलं. चेहऱ्यावरून त्यांना वाटलं असावं की दोघींत शहाणी ती.

"एकच हो," मैत्रीण म्हणाली. "वारल्यावर नाव बदललं."

"वारल्यावर? लग्नानंतर बदलतात ते माहीत आहे मला."

"बदललं म्हणजे आधी कै. सौ. लावलं. त्यातली टिंबं गेली, मग ते जोडलं गेलं. तुम्ही मोठ्यानं वाचा ना, कळेल."

नोटरींनी मोठ्यानं वाचलं. मग टिंबं घालून वाचलं. त्यांच्या मिशा जरा हलल्या, पण ते हसले नाहीत. हसण्याचे ते वेगळे पैसे घेत असावेत. "ठीक आहे," ते म्हणाले. "मग कैसाऊच्या मृत्यूचा दाखला जोडा."

"कैसाऊ मेली नाही ना साहेब," मैत्रीण म्हणाली. "आई मेल्यावर तर ती जन्माला आली."

"ताई," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही शपथेवर सांगता ना, की दोघी एकच?"

बाहेर कोणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. मला वाटलं, दुपारी झोपणारी, खर्चिक, कुकरवरून बाबांना बोलणारी ती बाई म्हणजे माझी आई नव्हती. तिला आम्ही दोघांनी फोनवर वाढवलं होतं. पण हे प्रतिज्ञापत्रात बसण्यासारखं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "शपथेवर."

त्यांनी शिक्का मारला.

उरला नाव बदलण्याचा अर्ज. त्यासाठी त्याच झेरॉक्सच्या दुकानात गेलो, कारण मैत्रिणीच्या मते नवीन दुकानात नवीन चुका होतात. दुकानदारानं बाबांचं नाव ऐकलं आणि चेहरा पाडला. "काका गेले? अरेरे. मला म्हणायचे, तू टाइप करतोस की भाजी चिरतोस." मग लगेच त्यानं कॉम्प्युटरकडे खुर्ची फिरवली. "काकांचं मॅटर आहे माझ्याकडे. नवीन कशाला करायचं? त्यातच नाव बदलून देतो."

मुंबईतल्या झेरॉक्सच्या दुकानांत कोणी कोरा कागद घेत नाही. आधीच्या कोणाचं तरी मॅटर असतं, त्यात नाव घालतात. अशा रीतीनं भाडेकरार होतात, शाळेचे अर्ज होतात, माणसं बेपत्ता झाल्याच्या तक्रारीसुद्धा होतात. मी स्वतः घाटकोपरच्या एका बेपत्ता काकांचं असं वर्णन वाचलं आहे, ज्यात मध्येच 'फ्लॅट हवेशीर आहे' असं वाक्य होतं.

पडद्यावर बाबांचा अर्ज आला. आता फक्त एक शब्द बदलायचा होता. आईच्या पूर्ण नावात आणि माझ्या पूर्ण नावात फरक फक्त पहिल्या नावाचा. मधलं नाव दोघींचंही बाबांचंच, आडनाव तेच. मी लग्न न केल्याचा कोणाला झालेला हा एकमेव फायदा. दुकानदारानं आईचं नाव पुसलं आणि त्या जागी माझं टाइप केलं. खाली दोन ओळी बदलल्या, तारीख बदलली, आणि प्रिंट काढून माझ्या हातात दिलं. "चेक करा ताई. मग मला बोलू नका."

मी चष्मा घातला. तो मी मुद्दाम बरोबर आणला होता. उभ्या उभ्या तो कागद मी असा वाचला की बाबांनी पाठ थोपटली असती. इमारतीच्या नावात एक अक्षर जास्त होतं, ते काढायला लावलं. पत्त्यात स्वल्पविराम नव्हता, तो घालून घेतला. शेवटच्या वाक्यानंतर पूर्णविराम होता की नाही ते कागद उजेडात धरून बघितलं. होता. दुकानदार मैत्रिणीला म्हणाला, "काकांचीच मुलगी." मला ते ऐकून बरं वाटलं. मी सही केली. मैत्रिणीनं अर्ज नेऊन दिला, पोच आणली, आणि दोन दिवसांनी मी हॅम्बुर्गला परत गेले.

परदेशात राहून मुलुंडच्या घराचा कर भरणं हा एक वेगळाच संसार आहे. बिल दारात येतं, पण दार बंद असतं. ते खालच्या पेटीत पडतं आणि मैत्रीण त्याचा फोटो पाठवते, ज्यात बिलापेक्षा तिचा अंगठा जास्त असतो. पैसे ऑनलाइन भरता येतात, पण माझं जर्मन कार्ड चालत नाही, म्हणून भारतातल्या खात्यात शिल्लक ठेवावी लागते. आणि त्या खात्याला बाबांचा नंबर जोडलेला आहे, त्यामुळे भरताना ओटीपी जातो तो त्यांच्या नंबरवर. म्हणून बाबांचा फोन मी बरोबर नेला. रिचार्ज करते, चार्ज करून ठेवते. वर्षभर त्यावर कर्ज घ्या, प्लॉट घ्या, गुडघ्याचं तेल घ्या असे निरोप येतात. बाबांना आता यातलं काहीच लागत नाही, पण मी ते वाचून मगच पुसते. काही निरोपांत व्याकरणाच्या चुका असतात. ते पुसत नाही.

पुढचं बिल आलं तेव्हा मैत्रिणीनं फोटो पाठवायच्या आधी फोन केला. तसं ती कधी करत नाही.

"बसलीयेस ना?"

"बसलेय."

"तू मेलीस."

"काय?"

"साहेबाला नको बोलावूस, तुझ्याशी बोलतेय. तू मेलीस, आणि मरायच्या आधी लग्न केलंस. मला बोलावलं नाहीस ते लक्षात ठेवीन. फोटो बघ."

मी फोटो बघितला. अंगठ्याच्या वर, मालकाच्या रकान्यात, रोमन लिपीत सलग लिहिलं होतं: कैसाऊ. पुढे माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव.

दुकानदारानं आईचं नाव पुसलं होतं. तिच्या आधीचा शब्द त्यानं जिथल्या तिथे ठेवला होता, कारण त्याला कोणी तो काढायला सांगितलं नव्हतं. आणि तो शब्द कागदाच्या पहिल्या ओळीत माझ्या डोळ्यांसमोर होता, मी त्याच्या पुढचा स्वल्पविराम बघत होते. नावाआधीच्या उपाध्या उडवण्याचा पगार घेणारी बाई मी. पण कैसाऊ मला इतकी घरची झाली होती की ती तिथे नको होती, हे मला दिसलंच नाही.

"चष्मा नव्हता का घातलास?" मैत्रीण ओरडत होती.

"होता."

"तुझ्या बाबांनी निदान घातला तरी नव्हता!"

मग ती हसायला लागली. तिचं हसणं फोनशिवायही हॅम्बुर्गला ऐकू आलं असतं. मीही हसत होते. हसता हसता माझ्या लक्षात आलं की ही गोष्ट ज्यांना लगेच फोन करून सांगायची त्यांचा फोन माझ्याच टेबलावर चार्जिंगला लावलेला आहे. मी थांबले. मग ती म्हणाली, "काकूंची इच्छा तरी पुरी झाली गं. सौ. लागलं एकदाचं. क्रम जरा उलटा झाला, एवढंच."

"आधी सौ. लागतं म्हणाली होती."

"ते तू आणि ती बघा." तिचा आवाज परत सेक्रेटरीचा झाला. "यादीत तू आहेस, घाबरू नकोस. शेअर सर्टिफिकेट बरोबर आहे, अर्जाची पोच आहे, वकिलानं फ्लॅट धरलाय. पण करारनाम्याच्या आधी हे बिल नीट करावं लागेल. दुरुस्तीचा अर्ज टाकू का?"

"टाइप कुठे करणार?"

"त्याच्याकडेच. मॅटर तयार आहे."

मी बिलाचा फोटो मोठा करून परत वाचला. नोटरीसमोर मी शपथेवर सांगितलं होतं की कैसाऊ म्हणजे माझी आई. आता पालिकेच्या दप्तरी कैसाऊ म्हणजे मी. कोणी हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले तर त्याला काय कळेल, मला माहीत नाही.

"राहू दे सध्या," मी म्हटलं. "दुसरी आवृत्ती आहे. तिसऱ्या आवृत्तीत बघू."

"अगदी बापावर गेलीयेस," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर बिल्डरचं आणि समितीचं जिन्याच्या रुंदीवरून बिनसलं. तो गेला, दुसरा शोधतायत. करारनामा पुढे गेलाय. इमारत आहे तिथेच आहे, लिफ्ट नाही. किल्ली खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडे असते. ती महिन्यातून एकदा खिडक्या उघडते आणि मिठागरांकडचा वारा आत घेते, बाबांच्या खुर्चीत बसून मला फोन करते आणि सोसायटीतल्या सगळ्यांना शिव्या घालते. यंदाचं बिल आलं तसं मी ते भरलं. ओटीपी बाबांच्या फोनवर आला. पावतीवर टिंब नाही.

घर कैसाऊच्या नावावर आहे. कर भरलेला आहे.